मामाच्या मुलीपासून सुरुवात

सांस्कृतिक मानवशास्त्राच्या वर्गात मी सुरुवातीलाच एक प्रश्न टाकते: मामाच्या मुलीशी लग्न करता येते का? कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या मुलांना यात विचारण्यासारखे काय आहे तेच कळत नाही. कुणाची आई ही वडिलांच्या मामाची मुलगी असते, कुणाच्या ताईला आत्याने सून करून घेतलेले असते. उत्तर प्रदेशातून शिकायला आलेला विद्यार्थी मात्र अवघडून जातो. मामाची मुलगी त्याला राखी बांधते. तिच्याशी लग्न ही कल्पनाच त्याला सहन होत नाही.

आपले उत्तर दोघांनाही कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही. कुणाला दादा म्हणायचे, कुणाची थट्टा करायची, कुणासमोर संकोचायचे हे शिकता शिकताच ते त्यांच्यात मुरले आहे. म्हणून ते त्यांना नियमासारखे वाटत नाही, निसर्गासारखे वाटते. हा नवा अभ्यासविषय हाती घेणाऱ्या वाचकाचे स्वागत मला याच जागी करायचे आहे, कारण संस्कृती माणसाच्या योग्य-अयोग्याच्या जाणिवेत किती खोल गेलेली असते, ते इथे लख्ख दिसते.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी देशभर हिंडून नात्यांचे शब्द आणि लग्नांचे रिवाज गोळा केले. त्यातून १९५३ साली ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ सिद्ध झाला. उत्तरेची आणि दक्षिणेची नातेव्यवस्था वेगळी आहे आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या सांध्यावर आहे, हे त्यांनी तपशिलाने मांडले. आपल्याकडे चुलत आणि मावस भावंडे ही भावंडेच. मामाची मुलगी अनेक जातींत चालते, पण आत्याची मुलगी सहसा केली जात नाही. देशस्थ ऋग्वेद्यांत जे चालते ते कोकणस्थांत चालत नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांत ‘बहीण’ या नात्याची हद्द वेगवेगळी असू शकते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही हे ओळखले होते. जवळच्या नात्यातले विवाह त्याने निषिद्ध ठरवले, पण दोन्ही पक्षांत तशी रूढी असेल तर मोकळीक ठेवली.

सांस्कृतिक विविधता म्हटले की आपल्याकडे पोशाख, पक्वान्ने आणि नृत्ये यांची नावे घेतली जातात. त्यात आनंद आहे, पण अभ्यासकाने तिथे थांबू नये. वारली चित्रकलेचेच पाहा. आज ती साड्यांवर, चहाच्या कपांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर दिसते. पालघर जिल्ह्यातल्या पाड्यावर तिची मूळ जागा लग्नघरात आहे. शेणामातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकाच्या मधोमध पालघट देवी येते, आणि या चौकाशिवाय लग्न होत नाही. विधी चालवते ती धवलेरी. ती बाईच असते, आणि गाण्यातून लग्न लावते. परंपरेने मुलाकडचे लोक मुलीकडच्यांना देज देतात. हुंड्याच्या समाजात वाढलेल्या माणसाला हे सगळे उलटे दिसेल. पौरोहित्य बाईकडे आणि पैसा मुलीच्या घराकडे!

पण एवढे पाहून ‘आदिवासींत स्त्री किती सन्मानित’ असे लिहून मोकळे होणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत, आणि त्यांनी मला नेहमीच अस्वस्थ केले आहे. याच लग्नखर्चासाठी वारली तरुण जमीनदाराकडून कर्ज घेत आणि ते फिटेपर्यंत त्याच्या दारी राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. नव्या नवरीलाही त्याच घरी राबावे लागे. १९४५पासून गोदावरी परुळेकर आणि किसान सभेने उभारलेल्या लढ्याने वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडली. चौक पाहायचा आणि कर्ज पाहायचे नाही, असे या विषयात करून चालत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. सगळेच वेगळेपण जपण्याजोगे नसते. इरावतीबाई पंढरीच्या वारीत चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. पंढरपूरला ज्या मुलखातली माणसे जातात तो महाराष्ट्र, असे त्यांना त्या वाटेवर जाणवले. त्याच लेखात एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायकांच्या पंगती वेगळ्या बसत, याची त्यांची खंतही आहे. अभंग एक आणि चूल वेगळी. या वेगळ्या चुलीला ‘विविधता’ म्हणणे मला मान्य नाही. भेद कुठे नुसता निराळेपणा असतो आणि कुठे उच्चनीचतेची पायरी होतो, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागते, आणि ते तपासण्याचे काम आपले आहे.

या शास्त्राचा स्वतःचा इतिहासही स्वच्छ नाही. इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. वंशश्रेष्ठतेच्या सिद्धांताला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत हे फिशर अग्रभागी होते. कवट्यांच्या मापांतून वंशावंशांतला फरक सिद्ध होईल, ही त्यांची अपेक्षा होती. बाईंनी मापे घेतली आणि तसा फरक आढळत नाही असे प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परीक्षकच गुरू असताना, विशीतल्या एका मराठी मुलीने हे लिहिले, याचा मला फार अभिमान वाटतो.

आणि ओळख? ती तर कोण विचारतो त्यावर बदलते. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचे उदाहरण घ्या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांनी पेणकर, रोहेकर अशी गावांची आडनावे घेतली, त्यांच्या बायकांनी मंगळसूत्र घातले. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने ते पोहे, खोबरे, गूळ आणि फळे घालून मलिदा करतात. गावात त्यांचे ज्यूपण उठून दिसे. पुढे ही माणसे इस्रायलला गेली, तर १९६०च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहसंबंधांबाबत शंका काढल्या. कोकणात ज्यांच्या ज्यू असण्याबद्दल कुणाला संशय नव्हता, त्यांना ज्यूंच्या देशात ते सिद्ध करण्याची पाळी आली. आंदोलने झाली, आणि १९६४ साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे सरकारने मान्य केले. तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघाले. ज्यूपण आणि मराठीपण यांतले एक खरे आणि दुसरे वरवरचे, असे सांगणे मला तरी जमत नाही.

नव्याने येणाऱ्याने सुरुवात घरापासून करावी. वंशवेल काढा, पण घरात टांगलेल्या वंशावळीची नक्कल करू नका. तिच्यात बहुधा मुलींची नावे नसतात. आजीचे माहेर कोणते, तिच्या आईचे कोणते, सोयरीक कोणत्या तालुक्यापलीकडे जात नाही, शेतीच्या वाटणीत बहिणींनी हक्कसोड केली का आणि तेव्हा त्यांना कुणी काय सांगितले, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर घर गप्प झाले तर तेही वहीत टिपून ठेवा.

मराठीत या विषयाचे काम अजून किती पडले आहे! बीडकडून दर हंगामात उसाच्या फडावर जाणाऱ्या कुटुंबांचेच घ्या. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यामागे मिळते. लग्न झालेल्या मुलाला उचल मिळते, आणि वयात आलेल्या मुलीला मागे गावी एकटी ठेवायची भीती असते. मग तिथली कमी वयातली लग्ने रूढीच्या खात्यावर किती मांडायची आणि उचलीच्या खात्यावर किती? फडावरच्या कोपीत वाढलेली, पुढे शिकून या विषयाकडे आलेली एखादी मुलगी याचे उत्तर माझ्यापेक्षा नेमके शोधील. ही प्रस्तावना लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तीच वाचक होती.