बालमनाची घुसमट : यवतमाळच्या संदर्भात

मूल अबोल झाले, हट्टी झाले वा शाळा टाळू लागले की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो. यवतमाळ जिल्ह्यात हा निष्कर्ष घाईचा ठरतो. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांच्या कुटुंबाचा, पत्नी व चार मुलांसह, अंत झाला. पुढील दशकांत या कापूसपट्ट्यात पित्याविना वाढणारी मुले गावोगावी दिसू लागली.

हा आघात एका दिवसात संपत नाही. सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’, याची चौकशी होते. सावकाराचे नाव निघते. मूल कोपऱ्यातून सारे ऐकत असते. लहान वयात मृत्यू कायमचा असतो हे नीट उमगत नाही, आणि ‘मी हट्ट केला म्हणून बाबा गेले’ असे ते मनाशी धरते. हा अपराधभाव पोटदुखी, अंथरूण ओले होणे, चिडचिड यांतून प्रकटतो. ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगणारे वडीलधारे त्यात भरच घालतात.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या प्रतिपादनानुसार बालकाला निदान एका प्रौढाचा सातत्याचा जिव्हाळा लागतो. येथे आईच दुःखाने गोठलेली, दिवसभर मजुरीवर असते. तरीही एकाच घरातील दोन भावंडांपैकी एक सावरते, दुसरे खचते. उपजत प्रकृतीचा वाटा नाकारता येत नाही. सावरणाऱ्यामागे बहुधा एखादी आजी किंवा शिक्षक असतो.

२०१५ मध्ये राज्य शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. २०२२ पासून १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर विनामूल्य मराठीतही बोलता येते.