चित्रपटातील देह आणि औचित्यविचार

कुमारसंभवाच्या आठव्या सर्गात कालिदासाने शिवपार्वतींचा संभोगशृंगार वर्णिला. त्यातील अनौचित्य आनंदवर्धनाने मान्य केले. तथापि कवीच्या प्रतिभाशक्तीने ते झाकले जाते, असे तो म्हणतो. मम्मटाला मात्र तो दोषच वाटला. जगाच्या मातापित्यांचा शृंगार वर्णू नये, हे त्यामागचे कारण. म्हणजे आक्षेपाचा रोख ‘किती वर्णिले’ यावर नव्हता, ‘कोणाचे वर्णिले’ यावर होता. आपल्या गंभीर चित्रपटांविषयीचे वाद पाहताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

हेब्बाळला राहून कन्नड व मराठी यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या प्रस्तुत लेखकाला पहिले उदाहरण जवळच सापडते. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या १९६५ च्या ‘संस्कार’ कादंबरीवर पट्टाभिराम रेड्डी यांनी १९७० मध्ये चित्रपट केला. प्राणेशाचार्य आणि चंद्री यांचे रानातील मीलन हा त्यातील कळीचा प्रसंग. तो वगळला तर आचार्यांचे पुढील सारे आत्मशोधन निराधार होईल. कारण शास्त्राने जे शिकवले नाही, ते त्यांना देह शिकवतो. मद्रासच्या परीक्षण मंडळाने हा चित्रपट रोखला, तेव्हा खरी भीती जातिविषयक क्षोभाची होती. पुढे त्यालाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

सुरेंद्र वर्मा यांच्या हिंदी नाटकावर आधारलेल्या अमोल पालेकरांच्या ‘अनाहत’ (२००३) मध्ये राजा असमर्थ असल्याने राणीवर नियोगाची सक्ती होते. ती जाते कर्तव्य म्हणून. परतते ती स्वतःची कामना ओळखून. राज्याला तिचा गर्भ हवा असतो, तिचे सुख नको असते. येथे शृंगार हा अलंकार नसून राजसत्तेला विचारलेला प्रश्न आहे.

रवी जाधव यांच्या ‘न्यूड’मध्ये तर शृंगारही नाही. मुलाच्या शिक्षणासाठी यमुना मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात विद्यार्थ्यांसमोर निर्वस्त्र बसते. तिची नग्नता ही तिची मजुरी आहे. गोव्याच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी परीक्षकांनी निवडलेला हा चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळला आणि परीक्षकांचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. २०१८ मध्ये तोच चित्रपट, काहीही न कापता, प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रासह प्रदर्शित झाला.

वस्तुतः कसोटी १९९६ मध्येच सांगितली गेली होती. ‘बँडिट क्वीन’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, नग्नतेचे दृश्य समग्र कृतीच्या संदर्भात पाहावे, असा निर्णय दिला, ते दृश्य वासना चाळवत नाही, अत्याचाऱ्यांविषयी घृणा जागवते. औचित्यविचार तरी याहून वेगळे काय सांगतो? दृश्य काढून पाहावे. कृती लंगडी झाली तर ते आवश्यक होते. अभंग राहिली तर ते केवळ गल्ला भरण्यासाठी होते. गंभीर म्हणवणाऱ्या दिग्दर्शकांनाही या कसोटीतून सूट नाही.

भाषांतरकाराला आणखी एक गोष्ट जाणवते. ‘नागडे’ या शब्दात तुच्छता आहे, ‘विवस्त्र’मध्ये वस्त्रहरणाची छाया आहे. मराठी चित्रपटाला ‘न्यूड’ हे परके नाव घ्यावे लागले. यमुनेच्या कामाला अवहेलनेवाचून उच्चारता येईल असा शब्द आपण अद्याप रूढ केलेला नाही; आणि ते काम मंत्रालयाचे नव्हे, लेखकांचे आहे.