ॲनालॉग-डिजिटल रूपांतरक चिप : मुंबई ते खोडद – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
ध्वनी, प्रकाश, तापमान व रेडिओलहरी यांपासून मिळणारे संकेत अखंड बदलणारे असतात; संगणकाला मात्र केवळ अंक कळतात. या दोहोंतील दुवा म्हणजे ॲनालॉग-डिजिटल रूपांतरक होय. महाराष्ट्रात या साधनाचा वापर आणि त्याच्या चिपची रचना यांत जे अंतर राहिले, त्याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

जागतिक पार्श्वभूमी :
ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३७ मध्ये पल्स कोड मॉड्युलेशनची कल्पना मांडली. बर्नार्ड गॉर्डन यांचा १९५४ मधील ११ बिटांचा रूपांतरक निर्वात नलिकांवर चालत असे. १९७५ मध्ये बर्कले येथे मॅक्क्रिअरी व ग्रे यांनी धारित्रांमधील विद्युत्‌भाराच्या पुनर्वाटपावर आधारित पद्धत मांडली. सिलिकॉनवर धारित्राचे नेमके मूल्य साधणे कठीण असते. परंतु शेजारील धारित्रांचे गुणोत्तर अचूक राखता येते. या तत्त्वामुळे रूपांतरक एका चिपवर आणणे सुकर झाले.

मुंबईतील वाटचाल :
टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९७३ मध्ये अंधेरीत इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीसाठी ‘सीप्झ’ उभे राहिले. शेजारच्या विलेपार्ल्यात १९९४ मध्ये द्वारकादास जे. संघवी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. संशोधन, कारखानदारी व शिक्षण ही तिन्ही अंगे अशा रीतीने मुंबईत होती. चिप घडविणारा कारखाना मात्र दूर मोहालीत होता. तेथे १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८९ च्या आगीने ते खंडित झाले. ॲनालॉग रचनाकाराला आपली आकृती प्रत्यक्ष सिलिकॉनवर पुनःपुन्हा तपासावी लागते. म्हणूनच ही हानी केवळ उत्पादनाची नव्हती, तर अनुभवाचीही होती. दरम्यान १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरू येथे केंद्र स्थापन केले आणि चिप-रचनेचे प्रमुख केंद्र तेथे विकसित होत गेले.

खोडदचे उदाहरण :
पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीच्या दोन ध्रुवीकरणांमुळे एकूण ६० संकेतांचे अंकन करावे लागते. सुधारित दुर्बिणीत ४०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यासाठी सेकंदाला ८० कोटी नमुने घेतले जातात. कारण नमुन्यांचा वेग पट्ट्याच्या किमान दुप्पट असणे आवश्यक असते. प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे २५६ पायऱ्यांपैकी एक असतो. दुर्बिणीची संकल्पना व उभारणी भारतीय असली, तरी या अंकनासाठी वापरलेली रूपांतरक चिप परदेशी बनावटीची आहे.

निष्कर्ष :
महाराष्ट्रात बुद्धी वा गरज यांची वाण नव्हती. रचना, निर्मिती व चाचणी यांची साखळी जुळली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्रीय सेमीकंडक्टर कार्यक्रमात रचनेसाठीही साहाय्याची तरतूद आहे. तिचा लाभ घ्यावयाचा तर विद्यार्थ्याची आकृती कागदावर न थांबता सिलिकॉनपर्यंत पोहोचली पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध होय.