समुद्रकांठचे पाहुणे आणि परगांवीं गेलेले घरचे

ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येकानें आपल्या वतनीं व आपल्या कुळांत परत यावें, असा नियम लेवीय ग्रंथांत सांगितला आहे. आमची चिखली समुद्रापासून दूर. तथापि धर्मग्रामाच्या या ज्युबिलीप्रसंगीं आम्ही वाचकांपुढें कोंकणचा वृत्तांत ठेवीत आहों, तो याच नियमाच्या स्मरणानें.

१८५४ सालीं मुंबईंत पहिली कापडगिरणी स्थापन झाली. पुढें गिरण्या वाढल्या आणि त्यांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील माणसें ओढून नेलीं. पुरुष चाळींत, बायकामुलें गांवीं. चूल पेटे ती मनिऑर्डरीवर. शेजारच्या गोव्यांतील आमचे ख्रिस्ती बांधव बोटींवर खलाशी व आचारी झाले. मुंबईंत धोबीतलावाच्या आसपास त्यांनीं आपापल्या गांवाचे ‘कूड’ उभारले व तेथें सायंकाळीं मिळून रोझरी म्हणण्याचा परिपाठ ठेवला. १९८२ च्या संपानें गिरणधंद्याचा कणा मोडला, तेव्हां गांवींच पोट भरेल असें कांहीं काढावें, ही निकड अधिकच भासूं लागली.

१९८१ सालीं निराळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ सालीं पर्यटनजिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ पासून कोंकण रेल्वे पूर्ण मार्गावर धांवूं लागली. मालवण, तारकर्ली, वेंगुर्लें येथें पाहुण्यांची रीघ लागली. खाणावळी निघाल्या व कित्येक घरांस मिळकत झाली. हें नाकबूल करणें अन्यायाचें होईल. परंतु शिरगणती निराळेंच सांगते. २००१ सालीं जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ सालीं ती ८,४९,६५१ भरली. हजार पुरुषांमागें स्त्रिया हजाराहून अधिक. पाहुणे वाढले, घरचे घटले.

कारण उघड आहे. पावसाळ्यांत दर्या खवळतो व हंगाम बसतो. शिकलेल्या मुलास बारमाही पगार हवा. तो मुंबईस, गोव्यास वा आखातांत मिळतो. गोव्यांत तर उलट चमत्कार दिसतो: तेथील तरुण परदेशीं जातात, आणि हॉटेलांत व बांधकामांवर राबावयास परप्रांतींचे मजूर येतात.

मायभूमींत सुखानें पोट भरत असेल तर कोणीही ती सोडून परमुलखास जाणार नाहीं, असें पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालींच आपल्या परिपत्रकांत बजावलें होतें.

आतां आपल्याकडे पाहूं. आपल्याच जिल्ह्यांतील लोणार सरोवराचा २०२० सालीं रामसर यादींत समावेश झाला. तेथेंही पाहुणे येतात, वाढतील. आणि आपल्या जिल्ह्यांतील माणसें मजुरीकरितां पुण्यामुंबईकडे जातच आहेत. पाहुण्यांची संख्या मोजून आपण संतुष्ट होऊं नये. जमीन कोणाकडे राहिली, बारा महिने काम किती हातांस मिळालें, आणि नाताळाच्या मिस्सेस आलेला तरुण दुसऱ्या दिवशीं पुन्हां गाडी कां धरतो, हें विचारावें. त्यास गांवींच राहतां येईल, तेव्हां लेवीय ग्रंथांतली ज्युबिली आपल्या घरीं आली असें आम्ही म्हणूं.