खुपरी : औषधाचा आणि पाण्याचा इतिहास



आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. आमचे शिक्षण जे काही झाले ते कामगार संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा डोळ्यांच्या रोगावर बोलण्यास आम्ही उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या आजीकडे एक चिमटा असे. महिन्या-पंधरा दिवसांनी ती दाराशी उजेडाला बसे आणि पापणीचे आत वळलेले केस आमच्या आईकडून उपटवून घेई. 'नशिबाचे भोग' म्हणून ती ते सोशी. ते नशीब नव्हते, त्याचे नाव खुपरी होते, हे आम्हांला फार पुढे वाचनातून कळले.

आपण 'डोळे आले' म्हणतो ते दुखणे बहुधा आठ-पंधरा दिवसांत जाते. खुपरीचे तसे नाही. वरच्या पापणीच्या आत बारीक दाणे उठतात, डोळा खुपतो, चिपडे धरतात. एकदा झाली म्हणून कोणी आंधळे होत नाही. परंतु लहानपणी ती पुनःपुन्हा होत राहिली, तर पापणीच्या आत वण पडतात, ते आकसतात, पापणीची कड आत वळते आणि केस प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासू लागतात. दृष्टी जाते ती या घासण्याने, आणि तीही पुष्कळदा ऐन कमाईच्या वयात.

रोग जुना आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील एबर्स पपायरसात डोळ्यांच्या अशा दुखण्यांवर औषधे सांगितली आहेत. युरोपचे लक्ष त्याकडे गेले ते नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्त स्वारीनंतर. फ्रेंच आणि इंग्रज सैनिक डोळे गमावून परतू लागले. लंडनचे मूरफील्ड्स हे नेत्ररुग्णालय १८०५ साली निघाले, त्यामागे ही साथ हे एक मोठे कारण होते. त्या काळी साऱ्यालाच 'इजिप्शियन नेत्रदाह' म्हणत. त्या एका नावाखाली अनेक रोग दडले होते. १८८३ साली रॉबर्ट कॉख पटकीच्या शोधासाठी इजिप्तला गेले असता, त्यांना तेथील डोळ्यांच्या साथीत दोन निरनिराळे जंतू आढळले. खुपरीचा जंतू मात्र त्यांत नव्हता.

निदानाचा उपयोग नेहमी उपचारासाठीच होतो असेही नाही. अमेरिकेने १८९७ साली खुपरीला धोकादायक संसर्गजन्य रोग ठरविले. न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर डॉक्टर बटण लावण्याच्या आकड्याने उतारूंच्या पापण्या उलटून पाहत. दाणे दिसले की बहुधा परतीचे जहाज. मात्र ही रांग तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची होती. पहिल्या-दुसऱ्या वर्गाची तपासणी जहाजावरच, वरवर उरकली जाई. जंतूला वर्ग कळत नाही, पण तपासणाऱ्याला कळत होता.

१९०७ साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक यांनी रोग्याच्या पापणीतला स्राव ओरांगउटानच्या डोळ्यात घातला आणि पेशींमध्ये बारीक कण पाहिले. ते कण वाढवून दाखविण्यास आणखी पन्नास वर्षे लागली. बीजिंगच्या तांग फेइफान यांनी अंड्याच्या बलकात जंतू वाढविला आणि १९५७ साली तो शोध प्रसिद्ध केला. इतरांच्या प्रयोगांतले पेनिसिलीन त्याच जंतूला मारीत होते, म्हणून त्यांनी ते वगळले. खात्रीसाठी त्यांनी तो जंतू स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला. पुढच्याच वर्षी, १९५८ साली, राजकीय छळापायी या माणसाने आत्महत्या केली.

आता आमचा मुद्दा. जंतू हाती येण्यापूर्वीच, आणि खात्रीचे औषध निघण्यापूर्वीच, पश्चिम युरोपातील बहुतेक शहरांतून खुपरी ओसरली होती. कशाने? घरांतली दाटी कमी झाली, नळ आले, संडास आले, मुलांची तोंडे रोज धुतली जाऊ लागली. जंतू पसरतो तो बोटांनी, एकाच पंचाने तोंड पुसल्याने आणि चिपडांवर बसणाऱ्या माश्यांनी. ती वाट बंद झाली आणि रोग उपाशी मेला.

म्हणून औषध निरुपयोगी, असे मात्र आम्ही म्हणत नाही. जेथे नळ पोचला नाही तेथील आजच्या मुलाला 'थांब' कसे सांगावे? वळलेल्या पापणीस शस्त्रक्रियाच हवी आणि साऱ्या गावाला ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस देता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेत शस्त्रक्रिया, औषध, स्वच्छ चेहरा आणि परिसर-सुधारणा अशी चार अंगे आहेत. पहिल्या दोहोंची मोजदाद सोपी असते. शेवटच्या दोहोंना पैसा आणि इच्छा लागते.

आपल्या देशात १९६३ साली राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपरीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. हे मोठे यश आहे. परंतु त्याचा अर्थ एकही रोगी नाही असा नव्हे. एक ते नऊ वर्षांच्या मुलांत सक्रिय रोगाचे प्रमाण शेकडा पाचाच्या खाली, ही त्यातली एक कसोटी आहे. ते प्रमाण खालीच ठेवणे हे काम उरते.

उसाच्या तळावर किंवा वीटभट्टीवर जेव्हा हंडा लांबून आणावा लागतो, तेव्हा पहिली काटकसर होते ती मुलाचे तोंड धुण्यात. आई निष्काळजी असते म्हणून नव्हे, पाणी आधी चुलीला लागते म्हणून. आम्ही मालकापुढे मागण्यांचा कागद ठेवतो तेव्हा त्यात पगाराखाली पाण्याचे कलम असते. वाटाघाटीत ते सर्वांत आधी सोडून दिले जाते, आणि सोडणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. आजीचा चिमटा आठवला म्हणजे वाटते, ते कलम सोडायचे नव्हते.