एका वाहिनीचा दिवस : वरळीचा मनोरा आणि गिरणगावातील संध्याकाळ

मुंबईत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीतील प्रायोगिक केंद्र १५ सप्टेंबर १९५९ रोजीच सुरू झाले होते. मुंबईचा क्रमांक त्यानंतर तेरा वर्षांनी लागला. केंद्राचा स्टुडिओ आणि प्रक्षेपण मनोरा वरळीला उभा राहिला. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस गिरण्यांच्या चिमण्या, अशी ही जागा होती. परळ, लालबाग, दादर आणि गिरगाव हे मराठी वस्तीचे भाग या मनोऱ्याच्या ऐन सावलीत होते असे म्हटले तरी चालेल. १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे हे कार्यक्रम पुण्यापर्यंत पोहोचले.

प्रारंभी दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी तो वेगळा होऊन ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र यंत्रणा अस्तित्वात आली. प्रक्षेपण कृष्णधवल होते, वाहिनी एकच होती आणि तिचा ‘दिवस’ प्रत्यक्षात संध्याकाळपुरताच होता. संच बाळगण्यासाठी रेडिओप्रमाणेच परवाना काढावा लागे. ही पद्धत १९८५ मध्ये बंद झाली.

एका संध्याकाळची रचना

वाहिनी एक आणि प्रेक्षक मात्र अनेक प्रकारचे, हा कार्यक्रमांच्या आखणीतील मूळ प्रश्न होता. त्यावरचे उत्तर म्हणजे वेळेची वाटणी. वारानुसार आणि वर्षानुसार क्रम बदलत असे, परंतु आराखडा साधारण ठरलेला होता. संध्याकाळच्या आरंभी मुलांसाठी ‘किलबिल’, स्त्रियांसाठी ‘सुंदर माझं घर’, तरुणांसाठी ‘युवदर्शन’, कामगारांसाठी ‘कामगार विश्व’ आणि शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’ असे विशिष्ट वर्गांचे कार्यक्रम असत. शहराच्या बहुभाषिक स्वरूपाला धरून ‘आवो मारी साथे’ व ‘संताकुकडी’ हे गुजराती कार्यक्रमही याच पडद्यावर होत. त्यानंतर मराठी बातम्या आणि पुढे नाटक, संगीत, मुलाखती, हिंदी व इंग्रजी कार्यक्रम अशी मांडणी असे.

शेतीविषयक कार्यक्रम मुंबईत कोण पाहणार, अशी शंका आज येऊ शकते. परंतु लालबाग-परळमधील गिरणी कामगारांपैकी बहुसंख्य कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून आलेले होते. त्यांची जमीन, आईवडील आणि पुष्कळदा बायकामुलेही गावीच असत. त्यामुळे भाताची रोपे किंवा उसावरील कीड हा विषय चाळीतील खोलीतही परका नव्हता.

बातम्या आणि निवेदक

मराठी बातम्या हा संध्याकाळचा कणा होता. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे, ज्योत्स्ना किरपेकर, चारुशीला पटवर्धन, वासंती वर्तक अशा वृत्तनिवेदकांनी मराठी उच्चारांचा एक मापदंड घालून दिला. स्मिता पाटील यांना श्याम बेनेगल यांनी प्रथम हेरले ते याच पडद्यावर. प्रदीप भिडे १९७४ पासून कित्येक दशके बातम्या देत राहिले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

मात्र या बातम्या सरकारी यंत्रणेच्या होत्या, हेही विसरता येत नाही. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात प्रेक्षकांना दुसरी बाजू दाखवणारा दुसरा पडदाच उपलब्ध नव्हता. प्रसारण संस्थेला स्वायत्तता देणारा प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि त्याची अंमलबजावणी १९९७ मध्ये झाली.

रंगभूमीचे शेजार

मुंबई केंद्राचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे रंगभूमीशी असलेले नाते. गिरगावातील साहित्य संघ, दादरचे शिवाजी मंदिर, परळचे दामोदर नाट्यगृह आणि दादरच्या छबिलदास शाळेतील प्रायोगिक रंगमंच ही सारी ठिकाणे वरळीपासून बसच्या टप्प्यात होती. नट, लेखक, दिग्दर्शक यांची ये-जा त्यामुळे सहज होई. विनायक चासकर, विनय आपटे यांसारख्या निर्मात्यांनी ‘गजरा’मधून छोट्या विनोदी प्रहसनांना घरोघर नेले. याकूब सईद आणि बबन प्रभू यांचा ‘हास परिहास’ लोकप्रिय झाला. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’ मालिकेने दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना चिमणराव व गुंड्याभाऊ ही कायमची ओळख दिली.

गंभीर कार्यक्रमांनाही तेवढेच स्थान होते. सुहासिनी मुळगावकर यांच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधून साहित्यिक व कलावंत प्रेक्षकांसमोर आले. अरुण काकतकर यांच्या ‘शब्दांच्या पलीकडले’ने भावसंगीताला पडदा दिला. आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’भोवती तर गावोगावी प्रेक्षकांची ज्ञानदीप मंडळे उभी राहिली. हिंदी चित्रपटगीतांचे ‘छायागीत’, तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ आणि रविवारचा हिंदी चित्रपट यांना अर्थातच सर्वाधिक गर्दी होई. पुढील आठवड्यात काय आहे हे ‘साप्ताहिकी’ सांगे आणि त्यानुसार घरातील कामांची वेळ ठरे.

चाळीतील प्रेक्षागृह

सत्तरच्या दशकात संच ही महाग वस्तू होती. चाळीतील एका मजल्यावर एखाद्याच बिऱ्हाडात तो असे आणि दार उघडेच राही. मुले जमिनीवर, वडीलधारी माणसे कॉटवर, उरलेले गॅलरीत उभे, अशी बैठक ठरून जाई. गच्चीवरील अँटेना वाऱ्याने फिरली की एकाने वर जायचे आणि दुसऱ्याने खिडकीतून ‘आलं, आलं’ असे ओरडायचे. प्रक्षेपण थांबून पडद्यावर ‘व्यत्यय’ ही पाटी आली, तरी कोणी उठत नसे.

या सामूहिक पाहण्याचा परिणाम दुहेरी होता. चित्रपटाची वाट पाहताना माणसे शेतीचा सल्ला, शास्त्रीय गायन आणि पुस्तकावरील चर्चाही पाहत; ज्याची मुद्दाम निवड केली नसती, त्याचीही ओळख होई. दुसरीकडे, नको असेल तर संच बंद करण्यापलीकडे प्रेक्षकाच्या हाती काही नव्हते.

प्रादेशिक वेळेचा संकोच

१९८२ हे वर्ष दोन कारणांनी निर्णायक ठरले. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचे अर्थकारण कोलमडले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रमाचे आणि रंगीत प्रक्षेपणाचे पर्व सुरू झाले. रात्रीची मोक्याची वेळ राष्ट्रीय कार्यक्रमाकडे गेली. ‘हम लोग’ (१९८४), ‘रामायण’ (१९८७) आणि ‘महाभारत’ (१९८८) या मालिकांनी सारा देश एका पडद्यासमोर आणला, परंतु मराठी कार्यक्रमांना उरलेल्या तासांत बसावे लागले. १९८५ मध्ये मुंबईत दूरदर्शनची दुसरी वाहिनी आली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी, म्हणजे मुंबई केंद्राच्या बरोबर विसाव्या वर्धापनदिनी, ‘झी टीव्ही’ सुरू झाली आणि एकाच वाहिनीचा काळ संपला.

१९९४ मध्ये मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी सुरू झाली. २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. वाहिनीला पूर्ण दिवस मिळाला, पण तोपर्यंत प्रेक्षक विभागला गेला होता.

ठेवा किती उरला?

या काळाचा अभ्यास करणाऱ्यासमोर सर्वांत मोठी अडचण ध्वनिचित्रफितींची आहे. पहिल्या वर्षांत अनेक कार्यक्रम थेट सादर होत, आणि फिती महाग असल्याने मुद्रित कार्यक्रम पुसून त्याच पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे नामवंत कलावंतांच्या कित्येक कार्यक्रमांची आज केवळ आठवण शिल्लक आहे. २०२२ मध्ये केंद्राला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या संध्याकाळी गॅलरीत उभे राहून पाहणारी मुले आता साठीच्या आसपास आहेत आणि ज्या चाळींत त्यांनी त्या पाहिल्या, त्यांतील अनेकींच्या जागी मनोरे उभे राहिले आहेत. उरलेल्या फितींचे जतन आणि त्या प्रेक्षकांच्या आठवणींची नोंद, ही दोन्ही कामे म्हणूनच एकाच वेळी करावी लागणार आहेत.