माटुंग्याचा मैलावायू : एका सनाची तपासणी

जैववायूच्या इतिहासाचा आढावा घेणाऱ्या ग्रंथांच्या आरंभी एक वाक्य बहुधा ठरलेले असते : या वायूचे पहिले संयंत्र १८५९ साली मुंबईत माटुंगा येथील कुष्ठधामात उभारले गेले. मराठी वाचकास हे विधान सुखावणारे आहे. कदाचित म्हणूनच ते तपासून पाहण्याची तसदी आपण घेतलेली नाही.

वस्तुतः १८५९ साली माटुंग्यास हे कुष्ठधाम नव्हतेच. ते स्थापन झाले १८९० मध्ये, महापालिकेचे तत्कालीन आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांच्या खटपटीने. (शाळिग्रामांच्या सहकार्याने ऐतिहासिक पोवाडे प्रसिद्ध करणारे ॲक्वर्थ ते हेच.) जी संस्था जन्मासच आली नव्हती तिच्या आवारात एकतीस वर्षे आधी संयंत्र चालू होते, असे कसे मानावे? शिवाय बंद टाकीत हवेवाचून मैला कुजविण्याची सेप्टिक टाकीची पद्धत इंग्लंडात एक्झिटर येथे डोनाल्ड कॅमेरन यांनी रूढ केली ती १८९५ च्या सुमारास. त्या टाकीतील वायूवर तेथे दिवेही लावण्यात आले. माटुंग्याच्या संदर्भात अन्यत्र १८९७ हा जो सन आढळतो, तो या क्रमात नेमका बसतो. १८५९ हा सन एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरत गेलेला प्रमाद होय.

सन बदलला की घटनेचा अर्थही बदलतो. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईवर प्लेगचा घाला आला होता. शहरास चिंता इंधनाची नव्हती, मैल्याची होती. वायू हे त्या विल्हेवाटीचे आनुषंगिक फळ. तो साठवून दिव्यांसाठी व पुढे इंजिन चालविण्यासाठी वापरला गेला. आणि ज्यांच्या मैल्यापासून तो निघाला, ती माणसे समाजाने दूर सारलेली होती. मुंबईच्या अग्रमानाचा उल्लेख करताना ही बाब सहसा कोणी सांगत नाही.

पुढे या देशात जैववायू रुजला तो मात्र शेणाच्या आधाराने. गोवऱ्या जाळल्या की खत नाहीसे होते. संयंत्रात ज्वलनशील मिथेनही मिळतो आणि खतही उरते. जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास सिद्ध केलेला आराखडा पुढील दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने उचलला आणि ‘गोबर गॅस’ हा शब्द खेडोपाडी गेला. मानवी मैला मात्र मागे राहिला. टाकीतील जंतूंना शेण आणि मैला यांत विधिनिषेध नसतो. तो आपल्याला असतो, आणि त्याची मुळे जातिव्यवस्थेत आहेत. गाय पवित्र, म्हणून तिच्या शेणाची ज्योत चुलीस चालली.

माटुंग्याचा मूळ धागा पुन्हा उचलला गेला तो पुण्याजवळ देहू येथे. तेथील शासकीय दवाखान्यात आलेले डॉ. मापुस्कर यांनी गावातील शौचालये जैववायू-संयंत्रांस जोडण्याचे काम अनेक वर्षे चालविले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.